तीन बोटी आणि एक दोर

दोर सोडायचा नाही, हे एकच वाक्य आमच्या प्रशिक्षक बाईंनी तीनदा सांगितलं. एकदा किनाऱ्यावर, एकदा होडीत आणि तिसऱ्यांदा पाण्यात उडी मारायच्या अगदी आधी. बाकीच्या सूचना एकेकदाच दिल्या. त्याआधी त्यांनी हातातल्या पाटीवरून हजेरी घेतली. माझं आडनाव त्यांच्या जिभेवर बसेना. दोनदा अडखळून त्यांनी ते एकदाचं पार केलं, मी हात वर केला आणि त्यांनी नावापुढे खूण केली.

ही जागा ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात आहे. टाउन्सव्हिल शहराच्या आग्नेयेला सुमारे ९० किलोमीटरवर, केप बोलिंग ग्रीन नावाच्या भूशिरापासून वीसेक किलोमीटर आत. तिथे तीस मीटर पाण्याखाली ‘योंगाला’ नावाची आगबोट १९११ सालापासून पडून आहे. अल्वा बीच या लहानशा किनाऱ्यावरून रबरी कडांची होडी अर्ध्या तासात तुम्हाला तिथे नेते. वर पाहण्यासारखं काही नाही. चहूकडे पाणी, आणि त्यात नांगरून ठेवलेला एक तरंगता बोया. बोयापासून जाड दोर खाली जातो. तोच तो, न सोडायचा दोर.

पोहायला मी लहानपणी वडोदऱ्याच्या तरणतलावात शिकले. पाण्याखाली श्वास घ्यायला शिकले ते चाळिशी ओलांडल्यावर, मालवणजवळ तारकर्लीला, आणि पुढचा अभ्यासक्रम अंदमानात केला. तरीही योंगालाच्या प्रवाहाची मला धास्ती होती. पाण्याचा वेग एक नॉट, म्हणजे ताशी जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटर, हे ऐकायला किरकोळ वाटतं. रस्त्यानं आपण त्याच्या दुपटीहून जास्त वेगानं चालतो. पण पाण्यात पायाखाली जमीन नसते. पाठीवर सिलिंडर, अंगावर जॅकेट, कमरेला शिशाची वजनं, आणि समोरून येणारं पाणी हवेच्या कित्येक पट जड. एका नॉटच्या विरुद्ध धट्टाकट्टा माणूसही फार वेळ पोहू शकत नाही. धाप लागते, हवा भराभर संपते. तीस मीटरवर दाब वरच्या चौपट असतो, तेव्हा तिथला प्रत्येक श्वास वरच्या चार श्वासांएवढी हवा खातो. प्रवाहाशी भांडणारा माणूस बुडतो तो पाण्यानं ओढला म्हणून नव्हे. भांडण्यात त्याची हवा संपते म्हणून.

म्हणून दोर. पाण्यात पडल्यावर आधी हातांनी होडीची दोरी धरायची, तिच्या आधारानं बोयापर्यंत यायचं, मग एकेक हात पुढे टाकत खाली. त्या दिवशी पहिल्या दहा मीटरांत प्रवाह इतका होता की आम्ही सगळे दोरावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे आडवे झालो होतो. मुखवटा चेहऱ्यावर थरथरत होता. नजर फक्त पुढच्या माणसाच्या पायांवर. पंधरा मीटरच्या आसपास निळ्यातून एक काळसर कड वर आली, आणि आम्ही तिच्या आडोशाला गेलो तसा प्रवाह कुणीतरी दार लावून घ्यावं तसा थांबला.

जहाज उजव्या कुशीवर कललेलं आहे. लांबी सुमारे ११० मीटर. वरची कड साधारण पंधरा मीटरवर, तळ तीसच्या जवळ. सभोवार मैलोन्‌मैल सपाट वाळू, त्यात ही एकच टणक गोष्ट. प्रवाह येतो, सोबत सूक्ष्म जीव आणतो, आणि चिकटून राहायला जागा शोधणाऱ्या सगळ्यांना इथेच थारा मिळतो. शंभर वर्षांत लोखंडाचा इंचही उघडा राहिलेला नाही. मऊ प्रवाळ, शिंपले, पंख्यासारखे समुद्रपंखे. वर बॅराकुडांचे थवे प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी उभे. माणसाएवढा ग्रूपर मासा कडेखाली आळसावून पडलेला, एक समुद्रसर्प आमच्यामधून सावकाश हवा घ्यायला वर निघालेला. ज्या प्रवाहानं आम्हाला जेरीला आणलं, त्याच प्रवाहावर हे सगळं जगतं.

पुढच्या टोकाशी आल्यावर प्रशिक्षक बाईंनी टॉर्चचा झोत बोटीच्या अंगावर धरला. शेवाळ आणि प्रवाळ यांच्यातून अक्षरं दिसली. नाव होतं. मी ते एकेक अक्षर करत वाचलं, शाळेत पाटीवर वाचायचे तसं.

या नावाची हकिकत आधी सांगते, कारण भाषांतर करणाऱ्या माणसाची नजर तिकडे आधी जाते. ॲडलेड स्टीमशिप कंपनीनं ही बोट १९०३ साली इंग्लंडमध्ये न्यूकासलला बांधून घेतली. तिच्या जोडीची बोट ग्रँटाला. दोन्ही नावं आदिवासी भाषांतून घेतलेली. योंगाला हे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं, समुद्रापासून दूर असलेलं एक छोटं गाव. शब्द नडजुरी लोकांच्या भाषेतला. अर्थ दोन सांगतात: ‘चांगलं पाणी’ किंवा ‘पाण्याची रुंद जागा’. कोरड्या मुलखात पाणवठ्याला दिलेलं नाव. नडजुरींची जमीन एकोणिसाव्या शतकात मेंढ्या पाळणाऱ्या वसाहतकारांनी घेतली. त्यांचा शब्द मात्र बोटीवर रंगवण्याइतका गोड वाटला. हा शब्द मराठीत कसा आणायचा, याचा विचार मी करून पाहिला. ‘सुजल’? बुडालेल्या बोटीला ते नाव देताना पेन थांबतं.

१९११ च्या मार्चमध्ये योंगाला मेलबर्नहून निघून ब्रिस्बेनमार्गे उत्तरेला केर्न्सकडे चालली होती. कप्तान विल्यम नाइट अनुभवी होता. २३ मार्चला दुपारी तिनं मकाय बंदर सोडलं. ती गेल्यावर थोड्याच वेळात तिथल्या फ्लॅट टॉप बेटावरच्या संकेत-ठाण्याला चक्रीवादळाची सूचना देणारी तार मिळाली. बोट तेव्हा नजरेच्या टप्प्यातच होती. पण तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हतं. तिच्यासाठीचं यंत्र इंग्लंडहून निघालेलं होतं, पोहोचायचं होतं. संध्याकाळी डेंट बेटाच्या दीपगृहाच्या रखवालदारानं तिला पुढे जाताना पाहिलं. त्यानंतर तिला कुणी पाहिलं नाही.

बोटीवर १२२ माणसं होती. एकही वाचलं नाही. किनाऱ्याला लागलं ते थोडं सामान, टपालाची थैली, आणि बोटीवरून नेत असलेल्या मूनशाइन नावाच्या शर्यतीच्या घोड्याचं धूड. माणूस एकही नाही. चौकशी झाली, बोट धडधाकट होती, कप्तान जाणता होता, याहून पुढे चौकशी जाऊ शकली नाही. मग दंतकथा सुरू झाल्या. कोळ्यांना भुताची बोट दिसू लागली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, सुरुंग काढणारं एक जहाज इथे कशाला तरी अडलं. नकाशावर उथळ जागा म्हणून नोंद झाली. १९४७ साली ऑस्ट्रेलियन नौदलाच्या ‘लॅकलन’ या सर्वेक्षण जहाजानं तपासलं आणि खाली बुडालेली आगबोट असावी, असं म्हटलं. तिथेच प्रकरण थांबलं. वर्ष १९४७. हे वर्ष लक्षात ठेवा. पुढे मला ते पुन्हा लागणार आहे.

ज्या साधनानं आम्ही खाली गेलो, ते याच काळातलं. १९४३ साली, म्हणजे ते जहाज अडलं त्याच वर्षी, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी ‘ॲक्वा-लंग’ तयार केलं: श्वास घ्यावा तेव्हा, बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा देणारी झडप. त्याआधी बहुतेक पाणबुड्यांना वरच्या पंपाच्या नळीनं बांधून राहावं लागे. नळीवाल्या जड पोशाखात प्रवाहात उतरणं म्हणजे पतंगासारखं फरफटत जाणं. नव्या झडपेनं माणूस सुटा झाला, आणि हे काम नौदलाच्या आणि बड्या कंपन्यांच्या हातून हौशी माणसांच्या, कोळ्यांच्या आवाक्यात आलं.

१९५८ साली बिल कर्कपॅट्रिक यानं ही बोट शोधली आणि आतली एक तिजोरी वर काढली. उघडली तेव्हा आत काळा चिखल निघाला. पण तिजोरीवरच्या क्रमांकाचे काही आकडे शाबूत होते. ते इंग्लंडला चब या तिजोऱ्या बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवले. त्यांनी आपली जुनी बाडं काढली. या क्रमांकाची तिजोरी १९०३ साली योंगाला या बोटीवरच्या खजिनदाराच्या खोलीसाठी दिली होती, असं उत्तर १९६१ साली आलं. पन्नास वर्षांचा प्रश्न तिजोरीच्या बाडातल्या एका ओळीनं सुटला.

ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली ती घरी, वडोदऱ्याला, आणि वाचताना टेबलावर माझ्यासमोर दुसऱ्याच बोटीचे कागद पसरलेले होते. योंगालापर्यंत मला आणलं ते त्या बोटीनं. ब्रिस्बेनला राहणाऱ्या धाकट्या भावानं तिकीट पाठवलं, हे नंतरचं.

ती बोट म्हणजे ‘वैतरणा’. आमच्या गुजरातीत तिला ‘वीजळी’ म्हणतात, कारण तिच्यावर विजेचे दिवे होते आणि त्या काळी किनाऱ्यावरच्या लोकांना ते अप्रूप होतं. १८८५ साली स्कॉटलंडमध्ये बांधलेली ही बोट कच्छमधलं मांडवी ते मुंबई अशी उतारूंची ने-आण करायची. ८ नोव्हेंबर १८८८ ला ती मांडवीहून निघाली, द्वारकेला थांबली, पोरबंदरला हवामान बिघडल्यामुळे थांबू शकली नाही. संध्याकाळी मांगरोळच्या समोर दिसल्याचं सांगतात. त्या रात्री वादळात ती गेली. पुन्हा सापडलीच नाही, आजतागायत.

तिच्यावर किती माणसं होती? नोंदींतले आकडे सातशेच्या पुढे जातात. लोकांच्या तोंडी हा आकडा तेराशे आहे. तिच्यावर लोकगीत झालं, झवेरचंद मेघाणींनी ते संग्रहात घेतलं, गुणवंतराय आचार्यांनी कादंबरी लिहिली. सौराष्ट्रात आजही हाजी कासमचं नाव घेतलं की ऐकणारा पुढचं स्वतः म्हणतो. मी त्या गीताच्या आणि त्याच्या अवतीभवतीच्या साहित्याच्या मराठी भाषांतरावर दोन वर्षं काम करत होते.

पहिली अडचण नावाचीच. गुजराती ऐकणाऱ्याला ‘वीजळी’ म्हटल्यावर दिवेही दिसतात आणि त्या रात्रीच्या आभाळातली चमकही. मराठीत ‘वीज’ दोन्हीला चालते, तेव्हा ते एक वेळ निभतं. पण खरं नाव ‘वैतरणा’ मराठीत आलं की वेगळंच होतं. मराठी माणसाला वैतरणा ही त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून विरारकडे समुद्राला मिळणारी नदी आहे, मुंबईच्या नळाला येणारं पाणी आहे. आणि तिच्या मागे दुसरी उभीच असते: मेलेल्याला ओलांडावी लागते ती वैतरणी. बारशाच्या वेळी हे कुणाच्या मनात आलं नसेल. बोटी बुडाल्यावर त्यांची नावं नव्यानं वाचली जातात.

दुसरी अडचण मोठी होती, आणि ती भाषेची नव्हती. गीतात माणसं भरपूर आहेत, पण नावानिशी नाहीत. लग्नाची वऱ्हाडं आहेत, बाशिंग बांधलेले नवरदेव आहेत, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली पोरं असल्याचं सगळे सांगतात. मी कागदांत शोधत राहिले: कोण नवरदेव? कुठली पोरं? गीताला ते विचारता येत नाही. गीताचं काम रडायचं आहे, हजेरी घ्यायचं नाही. हजेरी घ्यायचं काम दुसऱ्या कुणाचं तरी होतं, आणि ते धड झालं नव्हतं.

हे मला एवढं का टोचत होतं, ते कळायला थोडा वेळ लागला. आमच्या घरात ‘रामदास’ हे नाव दोन स्वरांत घेतलं जायचं. संध्याकाळी दिवा लावल्यावर आजी मनाचे श्लोक म्हणायची, ते समर्थ रामदास. आणि आषाढ संपत आला, आभाळ भरून आलं की ती एकदम गप्प व्हायची. वडील हळूच सांगायचे, “तिला रामदास आठवते.” ती बोट.

आजी अलिबागकडची. लग्न होऊन वडोदऱ्याला आली. तिचा धाकटा भाऊ बापू मुंबईत एका गिरणीच्या कचेरीत कामाला होता. १७ जुलै १९४७, गुरुवार, गटारीच्या तोंडावर. सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून रामदास बोट रेवसला निघाली. दीडेक तासाची वाट. सणाला घरी निघालेल्या माणसांनी बोट भरलेली. अर्ध्या तासात, काशाच्या खडकाजवळ, वारा आणि लाटा यांनी ती कलली, माणसं घाबरून एका बाजूला धावली, ती उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. तिच्यावरही बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला बातमी दिली ती पोहत वाचलेल्यांनीच. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी होड्यांत घेतली म्हणून बरेच जण जगले.

कोकणच्या किनाऱ्याला हे नवं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी, ११ नोव्हेंबर १९२७ ला, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. संतांची नावं दिलेल्या बोटीत माणूस विश्वासानं पाय ठेवायचा.

बापू त्या बोटीत होता का? गुरुवारी येतो, असं त्यानं घरी कळवलं होतं. त्याला चढताना पाहणारं कुणी भेटलं नाही. त्याचा देह मिळाला नाही. मुंबईतल्या खोलीवर त्याची पेटी होती, तो नव्हता. फेरीबोटीच्या तिकिटावर नाव नसतं; किती तिकिटं फाडली ते कळतं, कुणाला दिली ते नाही. वर्तमानपत्रांत आली ती नावं मिळालेल्या देहांची आणि वाचलेल्यांची. या दोन्ही याद्यांत जो नाही, तो कुठेच नाही. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता; त्या दिवसांत वर्तमानपत्रांना दुसऱ्या बातम्या कमी नव्हत्या.

वडोदऱ्याला आजीच्या माहेरचं पत्र आठ दिवसांनी आलं. पुढे त्रेपन्न वर्षं ती जगली. देवघराशेजारच्या भिंतीवर तिचे सासू-सासरे, आईवडील, माझे आजोबा असे सगळे हारासकट आले. बापूचा फोटो ट्रंकेत राहिला. आणि एक गोष्ट मी मोठी झाल्यावर, शब्द मोजायची सवय लागल्यावर लक्षात आली. आजी ‘बापू गेला’ असं कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, “बापू आला नाही.” मराठीत ‘गेला’ म्हटलं की दार बंद होतं. ‘आला नाही’ म्हटलं की कडी काढलेलीच राहते. माझ्या सगळ्या भाषांतरांत हे दोन शब्द मला दुसऱ्या भाषेत नेता आलेले नाहीत.

तर मी योंगालाच्या अंगावरची अक्षरं वाचत होते तेव्हा माझ्या डोक्यात हे सगळं होतं. आणि तो हिशेबही, की ‘लॅकलन’नं इथे खाली बोट असावी म्हटलं, त्याच वर्षी रामदास बुडाली. तिथे पुढची चौदा वर्षं कुणी ना कुणी धागा सोडला नाही. आमच्याकडे धागाच नव्हता.

बोटीच्या आत जायला सक्त मनाई आहे. १९७६ च्या ऐतिहासिक जहाज-अवशेषांच्या कायद्याखाली योंगालाला १९८१ साली संरक्षण मिळालं. त्याआधी लोक खालून वस्तू आणत. आता हातसुद्धा लावायचा नाही. कारण आत अजून माणसांची हाडं आहेत. आमच्या गटात एक तरुण होता, त्याचा कॅमेरा उघड्या झरोक्याच्या फार जवळ गेला, तेव्हा प्रशिक्षक बाईंनी त्याच्या सिलिंडरवर टक्‌टक्‌ केलं आणि बोट हलवून नाही म्हटलं. पाण्याखाली बोलता येत नाही, पण त्यात रागावणं होतं, आणि देवळात चपला घालून शिरणाऱ्याला थांबवावं तशी अदबही होती. झरोक्यातून छोट्या काचेरी माशांचा थवा आत-बाहेर करत होता. त्यापलीकडे काळोख. मी दोन हात मागेच थांबले.

या जागेबद्दल एक शंका मनात होती, ती इथे लिहून टाकते. एकशे बावीस माणसांच्या थडग्यावर आपण पैसे भरून, रबरी पोशाख घालून, मासे बघायला जातो, हे बरं आहे का? त्यावर माझं उत्तर आता असं आहे की माणसं खाली जातात म्हणून ही बोट ‘होती’ आहे. ती कुठे आहे ते माहीत आहे, तिच्यावर कोण होतं ते माहीत आहे, आणि तिथे कसं वागायचं याचे नियम आहेत. वाईट वाटतं ते योंगालाकडे लोक जातात याचं नाही. वीजळीकडे जायला जागा नाही, याचं वाटतं.

आपल्या समुद्रात पाणबुडे उतरले नाहीत असं नाही. १९८० च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पथकानं एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेला पाण्याखाली उत्खनन केलं. घडीव दगड, दगडी नांगर वर आले. तिथेही लाटा आणि प्रवाह काम करू देतील तेवढेच दिवस मिळायचे. ते शोधत होते ते फार जुनं होतं, आणि ते शोधण्यात काही चूक नाही. पण द्वारका हेच वीजळीचं शेवटचं थांबलेलं बंदर होतं, हे मला तो अहवाल वाचताना राहून राहून आठवत होतं. दीड हजार वर्षांपलीकडचा नांगर आपल्याला हवा असतो. एकशेतीस-चाळीस वर्षांपूर्वीची परीक्षेला निघालेली पोरं मधल्या मध्ये राहतात: पुराणात जायला फार अलीकडची, आणि कागदावर यायला फार गरीब.

आणि योंगालाचा कागद तरी सगळ्यांसाठी सारखा होता का? बोटीवरच्या माणसांची नावं कंपनीच्या दप्तरात होती, तिजोरीचा क्रमांक कारखान्याच्या बाडात होता. पण ज्यांच्या पाणवठ्याचं नाव बोटीनं घेतलं, त्या नडजुरींमधले किती हरवले त्याची यादी कुठल्या दप्तरानं ठेवली? नोंद ठेवणाऱ्याला ज्याची किंमत वाटते, त्याचीच नोंद होते. तिजोरीची झाली. म्हणून मी प्रवाहाला दोष द्यायचा सोडून दिला आहे. प्रवाह माणसं नेतो, लोखंड झिजवतो, टपालाची थैली दूरच्या वाळूवर टाकतो. नावं मात्र त्यानं नेलेली नसतात. ती बोट सुटण्याआधी धक्क्यावरच राहून गेलेली असतात.

वर यायची वेळ झाली. आडोसा सोडून दोराकडे जाताना प्रवाहानं पुन्हा धरलं. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून. आम्ही पुन्हा दोरावर आडवे, एकाखाली एक. हातमोज्यातली बोटं दुखत होती. तीन मिनिटं फार मोठी असतात. माझ्या वरच्या माणसाचा पाय, माझ्या खालच्या माणसाचा हात, आणि मधे मी. त्या दोरावर कोण कुठे आहे ते वरच्या होडीला माहीत होतं.

होडीत चढल्यावर कुणी मुखवटा काढला, कुणी पाणी प्यायलं. प्रशिक्षक बाईंनी टॉवेलला हात पुसले आणि पाटी घेतली. पुन्हा तीच नावं, त्याच क्रमानं. हा नियम आहे. इंजिन सुरू करायच्या आधी प्रत्येकानं आपल्या तोंडानं ‘आहे’ म्हणायचं, दुसऱ्यानं त्याच्यासाठी म्हटलेलं चालत नाही. माझं आडनाव आलं. या वेळी त्यांनी ते वेगळ्या ठिकाणी मोडलं. मी सुधारायला गेले नाही. आहे, म्हटलं.

घरी परतल्यावर मी भाषांतराची प्रस्तावना नव्यानं लिहिली. बोटीचं नाव ‘वीजळी’च ठेवलं, आणि वऱ्हाडी, नवरदेव, परीक्षार्थी जसे गीतात आहेत तसेच, बिननावाचे राहू दिले. ती उणीव गीताची नाही, तेव्हा भाषांतरानं ती झाकू नये. फक्त अर्पणपत्रिकेला एक ओळ जोडली. बापूचं पूर्ण नाव, त्याच्या गावाचं नाव, १७ जुलै १९४७, आणि पुढे दोन शब्द, आजीचे: आला नाही.